'वी ईट डॅमेज पीस' : इंग्रजी शिकायचंय? मग आधी पाच ओळींची कविता लिहा

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अडखळलेले शब्द काढलेत, बाकी बोलणं जवळपास जसंच्या तसं. इंग्रजी ओळी मुद्दाम देवनागरीत ठेवल्यात. भागात तुम्ही त्या कानांनीच ऐकल्यात, इथेही तशाच ऐका.)



आज मागे कोंबड्याचा आवाज आला तर समजून घ्या. मी पुण्यात नाहीये, घरी आहे, सुरगाण्याला. ऑफिसचं काम इथूनच चालू आहे. मीटिंग असली की घराच्या वरच्या खोलीत खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात बसायचं, कारण रेंज फक्त तिथेच येते. आमच्या टीममधल्या लोकांना वाटतं मला तो कोपरा फार आवडतो.

ज्यांना सुरगाणा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नाशिक जिल्ह्याचा पार वायव्येचा तालुका. घाट चढून गेलं की पलीकडे सापुतारा, म्हणजे गुजरात. पावसाळ्यात इतका पाऊस की छत्री नावापुरती, आणि होळी झाली की हंडे घेऊन पाण्यामागे फिरायचं. भात, नागली, वरई ही आमची पिकं. आता बोरगाव, घोडांबे, हतगड भागात स्ट्रॉबेरीपण होते. सापुताऱ्याच्या रस्त्यावर हिवाळ्यात पनेट लावून बसलेली माणसं तुम्ही पाहिली असतील.

आजचा विषय मात्र स्ट्रॉबेरी नाही. म्हणजे थोडी आहे, पण ती कवितेत आहे. विषय असा: इंग्रजी परकी असलेल्या मुलांना इंग्रजी शिकवताना त्यांच्याकडून कविता लिहून घेतल्या तर काय होतं? आणि हे तुम्हालाही स्वतःसाठी करता येईल का?

आधी माझं सांगतो

२००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. मी त्यानंतर दोन-तीन वर्षांनी पहिलीत गेलो. म्हणजे आमची पिढी 'पहिलीपासून इंग्रजीवाली'. दहावीपर्यंत दहा वर्षं इंग्रजी शिकलो. आणि बीटेकच्या पहिल्या वर्षी तोंडी परीक्षेत समोरच्यांनी साधा प्रश्न विचारला, उत्तर मला मराठीत चोख येत होतं, तरी तोंडातून एकच वाक्य बाहेर आलं: 'सर, आय नो बट...' त्या 'बट'च्या पुढे काही नाही. पंखा फिरत होता आणि मी उभा होतो.

दहा वर्षं मी इंग्रजीत नेमकं काय केलं होतं? उत्तरं पाठ केली होती. रिकाम्या जागा भरल्या होत्या. दहावीला कवितेचं रसग्रहण असायचं: शीर्षक, कवी, यमकांची रचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना, आवडलेली ओळ. ते सगळं मी लिहून गुण मिळवले. 'माय फेव्हरिट लाइन' म्हणून जी ओळ लिहिली, तीसुद्धा गाइडवाल्याची फेव्हरिट होती. दहा वर्षांत स्वतःला वाटलेली एक गोष्ट इंग्रजीत सांगितली असेल, असं एकही वाक्य मला आठवत नाही.

आणि आमच्याकडे एक गोष्ट अजून आहे. घरात कोकणा बोली. शाळेत मराठी. मग हिंदी. मग इंग्रजी. म्हणजे पुण्यातल्या मुलाला इंग्रजी 'दुसरी भाषा' असेल, आमच्या पाड्यावरच्या पोराला ती चौथी. परकी भाषा म्हणतात ना, ती अशी.

ओट्यावरचा वर्ग

मागच्या पावसाळ्यात मी घरी आलो तेव्हा शेजारच्या एका मावशींनी विचारलं, 'पोरांना जरा इंग्रजी सांग ना.' रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर आठ-दहा पोरं जमायला लागली. सातवी ते नववी. मी इंजिनिअर माणूस, मी काय केलं? काळांचा तक्ता काढला. बारा चौकोन. साधा वर्तमान, चालू वर्तमान, पूर्ण वर्तमान... तिसऱ्या रविवारी एक पोरगा बसल्या बसल्या झोपला. नीट, भिंतीला टेकून. उठवायलाही वाईट वाटत होतं.

मग एकदा माझ्या फोनची बॅटरी संपत आली. फोनने आवाज केला, आणि तोच झोपणारा पोरगा म्हणाला, 'दादा, लो बॅटरी.' मी म्हटलं, अरे, तुला इंग्रजी येतं की! तो लाजला. मी विचारलं, फोनवर अजून काय काय लिहून येतं? पुढच्या दहा मिनिटांत फळा भरला: नो नेटवर्क, ट्राय अगेन, स्टोरेज फुल, मिस्ड कॉल, लास्ट सीन, स्विच ऑफ. पोरं ओरडून ओरडून सांगत होती. मी म्हटलं, यातले कुठलेही तीन घ्या, एकाखाली एक लिहा आणि चौथी ओळ स्वतःची लिहा. त्या झोपाळू पोराने लिहिलं:

लो बॅटरी.
नो नेटवर्क.
ट्राय अगेन लेटर.
मदर इज कॉलिंग.

मी दोनदा वाचलं. तीन ओळी फोनच्या आणि एक त्याची. पण त्या एका ओळीने बाकीच्या तिन्ही त्याच्या करून टाकल्या. आणि व्याकरण? चूक शून्य.

त्या दिवसापासून काळांचा तक्ता बंद.

हे मी शोधून काढलेलं नाही

नंतर वाचायला लागलो तेव्हा कळलं की जगात लोक हे कधीपासून करतायत. केनेथ कोक नावाचे अमेरिकन कवी होते. १९६८च्या सुमाराला ते न्यूयॉर्कच्या पी. एस. ६१ या शाळेत मुलांकडून कविता लिहून घ्यायला लागले. तिथे घरी स्पॅनिश बोलणारी बरीच मुलं होती. त्यांची युक्ती अगदी साधी: ओळीची सुरुवात मी देतो, पुढचं तुझं. प्रत्येक ओळ 'आय विश'ने सुरू करा. किंवा एक ओळ 'आय यूज्ड टू' आणि पुढची 'बट नाऊ'. मध्ये स्पॅनिश शब्द घातला तरी चालेल. १९७० साली त्यांचं 'विशेस, लाइज अँड ड्रीम्स' हे पुस्तक आलं, आणि ते शिक्षकांमध्ये खूप गाजलं.

१९८९मध्ये अॅलन मेली आणि अॅलन डफ यांनी 'द इनवर्ड इअर' हे पुस्तक लिहिलं, खास भाषेच्या वर्गात कविता कशी वापरायची यावर. जपानमध्ये अत्सुशी इइदा यांनी इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांकडून इंग्रजीत हायकू लिहून घेण्यावर अभ्यास केला. डेव्हिड हनाउअर या अभ्यासकांनी २०१२ साली 'मीनिंगफुल लिटरसी' असा शब्द वापरला. म्हणजे शिकणाऱ्याचं स्वतःचं जगणं भाषेच्या वर्गात मध्यभागी आलं पाहिजे.

पण खरं सांगू? हे वाचताना मला सारखी आजी आठवत होती. जात्यावरची ओवी म्हणजे तरी काय? चाल ठरलेली, सुरुवात ठरलेली, पुढचं ज्या बाईच्या मनात असेल ते. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवून घेतल्या. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांची गाणी मुलगा सोपानदेव यांच्यामुळे कागदावर आली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. साच्यात आपलं दुःख ओतायची सवय आपल्या लोकांना कुठल्याही पुस्तकाच्या आधीपासून आहे. साचा फक्त इंग्रजी करायचा.

आणि 'मराठी माणसाने इंग्रजीत कशाला कविता करावी' असं कोणी म्हणालं तर अरुण कोलटकरांचं नाव सांगा. 'जेजुरी' त्यांनी इंग्रजीत लिहिली, १९७६ साली, आणि तिला पुढच्या वर्षी कॉमनवेल्थ पुरस्कार मिळाला. आणि 'भिजकी वही' मराठीत लिहिली, तिला साहित्य अकादमी मिळाला. माणूस एकच.

चार साचे, चार कामं

आता मुद्द्याचं. प्रत्येक साच्यात व्याकरणाची एक गोष्ट लपलेली असते. मी पोरांना ती आधी सांगत नाही. माझ्या भाषेत सांगायचं तर साचा म्हणजे फंक्शन. आतला कोड लिहिलेला आहे, तू फक्त व्हॅल्यू दे. चालवून बघ. आवडलं की मग आतला कोड उघडून बघू.

पहिला साचा, 'आय यूज्ड टू... बट नाऊ'. सवय आणि बदल. नववीतल्या एकाने लिहिलं: 'आय युज टू अफ्रेड रिव्हर, बट नाऊ आय अफ्रेड नो वॉटर.' त्याला म्हणायचं होतं की लहानपणी पुराच्या नदीची भीती वाटायची, आता कोरड्या नदीची वाटते. बघा, विचार केवढा आणि इंग्रजी केवढी! इथे मी म्हटलं, तुझी गोष्ट भारी आहे, ती पोचवायला दोन शब्द कमी पडतायत: 'बी' आणि 'ऑफ'. 'आय यूज्ड टू बी अफ्रेड ऑफ द रिव्हर.' तो 'बी' त्याला आता कधी विसरायचा नाही. कारण रिकाम्या जागेत कुठलाही शब्द भरला तरी आपलं काही जात नाही, पण इथे त्याची स्वतःची नदी अडकली होती.

दुसरा साचा, पाच ओळींची कविता. इंग्रजीत याला सिंक्वेन म्हणतात. अॅडलेड क्रॅप्सी नावाच्या अमेरिकन कवयित्रीने शंभरेक वर्षांपूर्वी हा प्रकार केला, तिच्या पद्धतीत अक्षरावयव मोजायचे: दोन, चार, सहा, आठ, दोन. शाळेत त्याचं सोपं रूप चालतं. पहिली ओळ एक नाम. दुसरी दोन विशेषणं. तिसरी तीन क्रियापदं, शेवटी 'इंग' लावून. चौथी चार शब्दांचं वाक्य. पाचवी परत एक नाम. म्हणजे नाम, विशेषण, क्रियापद, वाक्य, सगळं एका पोस्टकार्डावर. आठवीतल्या एका मुलीने लिहिलं:

स्ट्रॉबेरी
रेड, कोल्ड
पिकिंग, पॅकिंग, सेंडिंग
वी ईट डॅमेज पीस
मनी

मी पेन उचललं. 'डॅमेज्ड पीसेस' हवं. मग थांबलो. कारण त्यांच्याकडे माल निवडताना हाच शब्द चालतो: डॅमेज पीस. चांगलं फळ पनेटमध्ये, डॅमेज पीस घरच्यांना. मी तिला दोन्ही सांगितलं: परीक्षेत असं लिहायचं, आणि तुझ्या शेतात असं म्हणतात. कवितेत कुठलं ठेवायचं ते तू ठरव. ती म्हणाली, 'परीक्षेत परीक्षेचं लिहीन. हे राहू दे.' मंडळी, दोन रूपांतला फरक कळणं आणि त्यातलं एक विचार करून निवडणं, भाषा येणं म्हणजे हेच ना?

तिसरा साचा, हायकू. मराठीत शिरीष पै यांनी हायकू रुजवला. पाच-सात-पाच. इंग्रजीत यासाठी शब्द टाळ्या वाजवून मोजावे लागतात आणि इथे गंमत होते. 'स्कूल' किती टाळ्या? आमची पोरं दोन वाजवतात: 'इस-कूल'. 'फिल्म'? परत दोन: 'फि-लम'. मी म्हणतो, इंग्रजीत एकच टाळी आहे, ती एका टाळीत बसवून दाखवा. मग दहा मिनिटं नुसता गोंधळ, पण उच्चार सुधारतो. 'तुझा उच्चार चुकला' असं कोणाला म्हणावं लागत नाही. ओळीत एक टाळी जास्त झाली, एवढंच.

चौथा साचा, 'आय विश'. त्याच्याबद्दल जरा वेगळं बोलायचंय, कारण तिथे माझं चुकलं.

माझी चूक

ही गोष्ट मी त्या मुलीला विचारून सांगतोय. नाव नाही, पाडा नाही, ही तिची अट.

आमच्याकडे भात निघाला की बरीच घरं खाली उतरतात. दिंडोरी, निफाड, द्राक्षांच्या बागांत. छाटणी, डिपिंग, थिनिंग, मग तोडणी. गावात जीप येते आणि माणसं भरून नेते. काही आई-बाप पोरांना घेऊन जातात, काही आजीजवळ ठेवतात. शाळेच्या पटावर पोरगी असते आणि बाकावर नसते, हे इथे सगळ्यांना माहीत आहे.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी 'आय विश' दिलं. ही नववीतली मुलगी फार बोलायची नाही. तिने लिहिलं:

आय विश द जीप डज नॉट स्टॉप हिअर.
आय विश ग्रेप्स हॅव नो सीझन.
आय विश माय मदर हँड्स स्मेल भाकरी, नॉट मेडिसिन.

मी वाचलं आणि मला राहवलंच नाही. मी उभा राहिलो आणि मोठ्याने सगळ्यांना वाचून दाखवलं. वर म्हटलं, 'बघा, याला म्हणतात कविता!' पोरांनी वळून तिच्याकडे बघितलं. कोणी हसलं नाही. तिथे बसलेल्या निम्म्या पोरांच्या आया तेव्हा बागेतच होत्या. पण तिने वही मिटली, मांडीखाली घेतली, आणि वर्ग संपेपर्यंत मान वर केली नाही.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मला आधी वाटलं, काम असेल. मग तिचा धाकटा भाऊ म्हणाला, 'ती म्हणते, दादा सगळ्यांना सांगतात.' आणि अजून एक गोष्ट त्याच्याकडूनच कळली: या हंगामात तिलाही बागेत न्यायचं घरात चाललं होतं. म्हणजे तिने जीपबद्दल लिहिलं ते फक्त आईसाठी नव्हतं. मला जी 'भारी ओळ' वाटली, ती तिच्या घरातली रोज रात्रीची चर्चा होती. आणि मी ती ओट्यावर वाचून दाखवली, तिला न विचारता.

आपण सॉफ्टवेअरवाले प्रायव्हसीवर केवढं बोलतो! कोणाचा डेटा परवानगीशिवाय वापरायचा नाही, हे मला ऑफिसात दर वर्षी ट्रेनिंगमध्ये शिकवतात. कविता लिहून घेताना ते माझ्या डोक्यातही आलं नाही. पाठ केलेल्या उत्तरात मुलाचं काहीच नसतं, म्हणून ते कुणालाही दाखवता येतं. पण खरं लिहायला सांगितलं की मूल खरंच लिहितं. मग ते सांभाळायची जबाबदारी आपली.

मी काय केलं? तिच्या भावाच्या हाती एक कागद पाठवला. 'सॉरी' लिहून भागणार नव्हतं, म्हणून तिच्याच साच्यात लिहिलं: 'आय विश आय हॅड आस्क्ड यू फर्स्ट.' एवढी एकच ओळ. खाली मराठीत: वही तुझी आहे, कोणी मागणार नाही.

चौथ्या रविवारी ती आली. मागे बसली. कवितेचा विषय तिनेही काढला नाही, मीही नाही. वर्ग संपल्यावर थांबली आणि विचारलं, 'दादा, तुम्ही हॅड का लिहिलं? गोष्ट तर होऊन गेली ना, मग विश कशाला?'

मंडळी, 'विश'च्या पुढे क्रियापद भूतकाळात एक पाऊल मागे का सरकतं, हे मला दहा वर्षांत कोणी विचारलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. आम्ही दोघं बसलो. जी गोष्ट आत्ता खरी नाही, तिच्यासाठी इंग्रजी साधा भूतकाळ वापरते: 'आय विश द जीप डिड नॉट स्टॉप हिअर.' जी होऊन गेली आणि आता बदलता येत नाही, तिच्यासाठी 'हॅड': 'आय विश आय हॅड आस्क्ड.' ती म्हणाली, 'म्हणजे जीपचं अजून बदलू शकतं.' मी म्हटलं, 'व्याकरणाच्या हिशोबाने, हो.'

मग मी तिला 'मेडिसिन'बद्दल सांगितलं. इंग्रजीत मेडिसिन म्हणजे माणसाचं औषध, बागेत मारतात ते पेस्टिसाइड. वाचणाऱ्याला वाटेल तुझी आई आजारी आहे. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, 'पेस्टिसाइड बाटलीवर लिहिलेलं असतं. आम्ही औषधच म्हणतो.' तिने 'मेडिसिन' ठेवलं. 'डिड नॉट' मात्र दुरुस्त केलं, 'मदर्स हँड्स' केलं, 'स्मेल्ड ऑफ' केलं. कुठे नियम पाळायचा आणि कुठे आपला शब्द सोडायचा नाही, हे त्या दिवशी तिने मला शिकवलं.

आणि तुम्ही विचाराल, ती बागेत गेली का? नाही, या हंगामात नाही. पण कवितेमुळे नाही. तिची आजी पाड्यावर राहायला आली, म्हणून घरचं जमलं. कवितेने पोरगी शाळेत राहिली, अशी गोष्ट मी तुम्हाला सांगणार नाही. पुढच्या हंगामात जीप परत येईल.

दुरुस्त करायचं की नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. माझी पद्धत अशी. आम्ही कोड रिव्ह्यू करतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, हा कोड करतोय काय? अल्पविराम, मोकळ्या जागा, ते सगळं नंतर. तसंच इथे. आधी विचारायचं, तुला काय म्हणायचंय, मराठीत सांग, कोकणात सांग. मग बघायचं, चुकीमुळे अर्थ हरवतोय का. हरवत असेल तर आत्ता दुरुस्त करायचं. नसेल तर एका वेळी एकच चूक, आणि तीसुद्धा त्या दिवशीच्या साच्यातली. सगळी वही लाल केली की पोरगं पुढच्या वेळी सोपं, खोटं लिहितं. 'माय व्हिलेज इज ब्यूटिफुल.' चूक शून्य, माणूसही शून्य.

आणि एआयचं काय?

हो, तेही झालं. एक पोरगा फोनवरून कविता घेऊन आला. गोल्डन सनसेट, व्हिस्परिंग ओशन, यमकं जुळलेली. मी विचारलं, समुद्र बघितलायस? म्हणाला, 'रीलमध्ये.' मी रागावलो नाही. म्हटलं, ठीक आहे, यातले जे जे तू डोळ्यांनी बघितलं नाहीस ते खोड आणि तिथे बघितलेलं लिही. ओशनच्या जागी धबधबा आला. गोल्डन सनसेटच्या जागी बसस्टँडचा दिवा आला. अर्ध्या तासात यमकं मोडली, पण कविता त्याची झाली. फोन शब्दकोश म्हणून वापरा, उच्चार ऐकायला वापरा. 'माझ्या मनातलं काय' हे मात्र त्याला विचारू नका, त्याला माहीत नाही.

काय होत नाही, तेही ऐका

आठ-दहा पोरं आणि काही महिने, एवढाच माझा अनुभव. हे संशोधन नाही. कविता लिहून पोरांना फाडफाड बोलता येत नाही. त्यासाठी बोलावंच लागतं. उतारा वाचायची सवय वेगळी लागते. चाचणी परीक्षेत एका-दोघांचे गुण वाढले, बाकीच्यांचे होते तेवढेच राहिले. मग बदललं काय? पोरं शब्द मागायला लागली. 'दादा, भात झोडपणं याला काय म्हणतात?' 'दादा, उतू जाणं?' पूर्वी मी शब्द द्यायचो आणि ती पाठ करायची. आता त्यांना गरज पडते म्हणून ती शब्द मागतात. गरज पडून घेतलेला शब्द टिकतो.

तुमच्यासाठी

ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण कॉलेजला आहात, कोणी इंटरव्ह्यूची तयारी करतंय, कोणाचा तो 'आय नो बट...' अजून घशात अडकलाय. तुम्ही हे करून बघा. आज रात्री फोनमधलं नोट्स उघडा. आज हाताने केलेलं एक काम निवडा, भाकरी थापणं, गाडी पुसणं, काहीही. पाच ओळी: एक नाम, दोन विशेषणं, तीन 'इंग'वाली क्रियापदं, चार शब्दांचं वाक्य, एक नाम. अडलेला फक्त एक शब्द शोधा. शब्द मिळत नसेल तर मराठीच राहू द्या, भाकरीला भाकरीच म्हणा. मग मोठ्याने तीनदा वाचा. सात दिवस. आठव्या दिवशी, वाटलं तर, एकाच माणसाला दाखवा.

आणि तुम्ही कोणाला शिकवत असाल, तर माझी चूक करू नका. वाचून दाखवायच्या आधी विचारा.

आमच्या ओट्यावर आता नियम आहे. वहीच्या कोपऱ्यात टिक केली असेल तर दादाने मोठ्याने वाचायचं, नसेल तर गप्प वाचून परत द्यायचं. तिच्या वहीत अजून एकही टिक नाही. पण दर रविवारी वही माझ्या हातात येते.

चला, बॅटरी बारा टक्के आहे आणि खालून आई हाक मारतेय. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत लिहा, खोडा, परत लिहा.